तुटलेला पुढचा दात उपटू नका, आधी त्याचे मूळ बघा

नऊ वर्षांची मुलगी. सार्वजनिक नळावर पाण्याची कळशी उचलताना तिचा पाय घसरला आणि ओट्याच्या कडेवर तोंड आपटले. ओठ फाटला आणि वरच्या पुढच्या दाताचा तिरपा तुकडा उडाला. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ती लेकीला कडेवर घेऊन धावत आमच्याकडे आली. वॉर्डातली नोकरी सोडून आम्ही वस्तीत काम करू लागलो त्याला बरीच वर्षे झाली, तरी इथे आम्हाला सगळे अजून ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतात. आम्ही ओठ स्वच्छ केला, रक्त थांबवले, बर्फ लावला, धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारले. दाताकडे एक नजर टाकली आणि म्हणालो, “दुधाचा असेल. पडेल आणि नवा येईल.”

ती चूक आमची होती. नवव्या वर्षी वरचे मधले दोन दात दुधाचे नसतात. शिवाय तुटलेल्या जागी मधोमध एक लाल ठिपका होता. तो आम्ही पाहिलाही होता. तो ठिपका म्हणजे उघडी पडलेली जिवंत नस होती. त्याच दिवशी मुलीला दंतवैद्याकडे पाठवले असते, तर पुढची सगळी धावपळ कदाचित टळली असती.

चार महिन्यांनी त्या दाताच्या वर हिरडीवर पुळी आली. पुळी फुटायची, पू यायचा, बसायची, पुन्हा यायची. आईने तीन वेळा गोळ्यांचे कोर्स आणले. शेवटी एका खाजगी दवाखान्यात सांगितले गेले, “दात खराब झाला आहे, काढून टाका. अठरा वर्षांची झाली की पक्का दात बसवू.” आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सिस्टर, पोरीच्या जातीला समोरचा दात नसला तर कसं होईन? नऊ वर्षं तशीच ठेवू का तिले?”

या प्रश्नामुळे आम्ही मुलांच्या दातांचा अभ्यास करायला बसलो. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्ही जखमा, प्रसूती, लसीकरण, सलाइन हे सगळे शिकलो, पण दातांबद्दल जेमतेम काही पाने शिकलो. जे आता समजले, ते या पानावर सांगत आहोत. आमची चूक तुमच्या घरात होऊ नये, एवढाच हेतू.

दात आला म्हणजे पूर्ण वाढला असे नाही

वरचे मधले दोन पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. खालचे मधले त्याआधी, सहाव्या-सातव्या वर्षी. दुधाच्या दातापेक्षा पक्का दात मोठा असतो, थोडा पिवळसर दिसतो आणि नवा असताना त्याची कड करवतीसारखी दातेरी असते. एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या तरी ‘दुधाचा असेल’ ही चूक होणार नाही.

आपल्याला वाटते, दात तोंडात दिसला म्हणजे काम झाले. खरे तर तेव्हा हिरडीच्या आत त्याचे मूळ अजून अपुरे असते. दात बाहेर आल्यावर मूळ पूर्ण होऊन त्याचे टोक बंद व्हायला आणखी साधारण तीन वर्षे लागतात. म्हणजे वरच्या मधल्या दाताचे मूळ दहाव्या वर्षाच्या आसपास पुरे होते. तोपर्यंत ते आखूड असते, त्याच्या भिंती पातळ असतात आणि खालचे टोक नरसाळ्यासारखे उघडे असते.

मूळ वाढवण्याचे काम दाताच्या आतला मऊ गर करतो. त्यालाच आपण ‘नस’ म्हणतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, संवेदना नेणारे तंतू असतात आणि दाताची भिंत आतून थर देत जाड करणाऱ्या पेशी असतात. हा गर जिवंत आहे तोवर मूळ लांब आणि जाड होत जाते.

आणि नेमक्या याच वयात मुले सर्वाधिक पडतात. शाळेच्या पायऱ्या, कबड्डी, सायकल, नळावरची घाई, भावंडांची ढकलाढकली. मार बसतो तो बहुतेक वेळा वरच्या पुढच्या दातांना. ज्यांचे दात पुढे आलेले असतात त्यांना जास्त.

नस मेली की मूळ आहे तिथेच थांबते

दात तुटून नस उघडी पडली आणि उपचार झाला नाही, तर तोंडातले जंतू आत शिरतात आणि गर मरतो. कधी दात तुटत नाही, नुसता हलतो किंवा आत दाबला जातो, तरी मुळाच्या टोकाशी रक्तवाहिन्या तुटून गर मरू शकतो. गर मेला की मुळाची वाढ त्या दिवशी जिथे होती तिथेच थांबते. मूल मोठे होत जाते, पण त्या दाताचे मूळ नऊ वर्षांच्याच मुलाचे राहते.

इथे गोळ्यांबद्दल एक गोष्ट समजून घ्या. गोळीतले औषध रक्तातून फिरते. मेलेल्या दाताच्या आत रक्त जातच नाही. म्हणून अँटिबायोटिकने पुळी काही दिवस बसते, पण दाताच्या आतले जंतू तसेच राहतात आणि पुळी परत येते. तीन कोर्स घेऊनही त्या मुलीची पुळी का गेली नाही, त्याचे कारण हेच.

मोठ्या माणसाला आपण रूट कॅनाल करतो. आतला मेलेला गर काढायचा, पोकळी घासून स्वच्छ करायची, रबरासारख्या पदार्थाने ठासून भरायची आणि वर कॅप बसवायची. मुलाच्या अपुऱ्या मुळात हे जमत नाही. टोक उघडे असल्याने भरलेला पदार्थ खालून बाहेर जातो. भिंती इतक्या पातळ असतात की घासल्या तर आणखी कमकुवत होतात.

जुना उपाय आणि त्याची मर्यादा

अनेक वर्षे यावर उपाय म्हणून दाताच्या आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध भरून ठेवत. काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात, मुळाच्या टोकाशी कठीण पापुद्रा तयार होई आणि मग नेहमीसारखे भरता येई. पू थांबायचा, दात तोंडात राहायचा. पण मूळ आखूड आणि भिंती पातळच राहायच्या. औषध खूप काळ आत राहिल्याने दात ठिसूळ होतो, असेही पुढे प्राण्यांच्या दातांवरच्या प्रयोगांत दिसले.

स्वीडनमधील दंतवैद्य क्वेक यांनी 1992 मध्ये अशा उपचार केलेल्या मुलांच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या दातांची मुळे सर्वांत कमी वाढलेली होती, त्यांतले 77 टक्के दात नंतर मुळाच्या मानेशी मोडले होते. मुळे जवळजवळ पूर्ण वाढलेल्या दातांत हेच प्रमाण 28 टक्के होते. म्हणजे जंतूंशी लढाई जिंकूनही दात हातचा जात होता.

1990 च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डॉ. तोराबिनेजाद यांच्या संशोधनातून एमटीए नावाचे सिमेंट आले. उघड्या टोकाशी त्याचे बूच बसवले की महिनोन्‌महिने थांबावे लागत नाही, एक-दोन खेपांत काम होते. हा उपचार आजही चांगला मानला जातो. पण बूच लावल्याने मूळ वाढत नाही.

रक्ताच्या गुठळीपासून नवी वाढ

मग प्रश्न आला, थांबलेली वाढ पुन्हा सुरू करता येईल का?

1961 मध्ये नॉर्वेचे नायगार्ड-ऑस्टबी यांनी दाताच्या रिकाम्या पोकळीत मुद्दाम रक्त येऊ दिले, तर त्या गुठळीत नवी ऊती वाढते का, हे तपासले होते. बरीच वर्षे तो विचार मागे पडला. 2001 मध्ये जपानमधील इवाया आणि सहकाऱ्यांनी एका तेरा वर्षांच्या रुग्णाच्या पू झालेल्या दाढेची हकिकत छापली. त्यांनी दात आतून न घासता औषधांनी जंतू मारले आणि त्या दाढेचे मूळ पुढे वाढत गेले. 2004 मध्ये अमेरिकेतून बँक्स आणि ट्रोप यांनी अकरा वर्षांच्या मुलाची अशीच हकिकत आणि उपचाराची पद्धत मांडली. त्यानंतर जगभर हा उपचार होऊ लागला. युरोपातील रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये त्याची पद्धत जाहीर केली, अमेरिकेतील संस्थेचीही लेखी मार्गदर्शिका आहे. याला रिजनरेटिव्ह रूट कॅनाल म्हणतात, काही डॉक्टर रिव्हॅस्क्युलरायझेशन म्हणतात. आपण त्याला ‘मूळ वाढवणारा उपचार’ म्हणू.

यामागचे तत्त्व सोपे आहे. ज्या उघड्या टोकामुळे नेहमीचे रूट कॅनाल जमत नाही, तेच टोक इथे उपयोगी पडते. मुलाच्या वाढत्या मुळाच्या टोकाशी मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, एक छोटी गादी असते. वर पू झाला तरी ती बरेचदा जिवंत राहते. दातात जंतू उरले नाहीत आणि तिथून रक्त आत आले, तर त्या रक्ताबरोबर या पेशीही आत येतात. 2011 मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या संशोधकांनी दाताच्या पोकळीत आलेले असे रक्त तपासले. शरीरात फिरणाऱ्या रक्ताच्या तुलनेत त्यात मूलपेशींच्या खुणा कित्येक पटींनी, सुमारे सहाशे पटींपर्यंत, जास्त आढळल्या. बाहेरून काही कलम करावे लागत नाही. मुलाच्याच शरीरातल्या पेशी कामाला लागतात.

उपचार कसा होतो

ती मुलगी आणि तिची आई यांच्यासोबत आम्ही सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून आईला दाखवला. शेजारच्या चांगल्या दाताचे मूळ लांब होते, तुटलेल्या दाताचे आखूड, टोक रुंद आणि त्याभोवती काळी सावली. ती सावली म्हणजे हाड पोखरले गेल्याची खूण. डॉक्टर म्हणाले, “काढायची घाई नको. प्रयत्न करून बघू. पण यावं लागेल, बोलावलं त्या तारखेला यावंच लागेल.”

पहिल्या खेपेला भूल दिली. दाताभोवती रबराचा पडदा लावला, म्हणजे थुंकी आणि जंतू आत जाऊ नयेत. दाताला मागून छोटे छिद्र पाडले. आतली पोकळी न घासता सौम्य ताकदीच्या हायपोक्लोराइटने आणि मग सलाइनने बराच वेळ हळूहळू धुतली. औषध फार तीव्र वापरले तर ज्या पेशी वाचवायच्या आहेत त्याच मरतात. नंतर आत औषध भरले आणि तात्पुरते सिमेंट लावून छिद्र बंद केले. हे औषध कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते किंवा कमी प्रमाणातले अँटिबायोटिकचे मिश्रण असते. जुन्या पद्धतीत तेच औषध महिनोन्‌महिने ठेवत, इथे ते काही आठवडेच ठेवतात.

दुसरी खेप एक ते चार आठवड्यांनी असते. आम्हाला तीन आठवड्यांनी बोलावले होते. पुळी बसली होती, दुखत नव्हते. पू चालू असता तर औषध बदलून पुन्हा थांबावे लागले असते. या वेळी भूल वेगळी होती, रक्तवाहिन्या आकसवणारे औषध नसलेली, कारण या वेळी रक्त हवेच असते. ईडीटीए नावाच्या द्रवाने पोकळी धुतली. त्याने दाताच्या भिंतीतले वाढीला मदत करणारे घटक मोकळे होतात. मग बारीक सुईसारखे अवजार मुळाच्या टोकाच्या किंचित पलीकडे नेऊन रक्त येऊ दिले. पोकळी रक्ताने भरली, काही मिनिटांत गुठळी बनली. तिच्यावर सिमेंटचा थर आणि त्यावर दाताच्या रंगाचे पक्के भरण. तुटलेला तुकडाही त्याच रंगाच्या साहित्याने बांधून दिला. मुलगी आरशात बघून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. चार-पाच महिन्यांची ती सवय जायला वेळ लागला.

हा चमत्कार नाही

या उपचाराचे तोटे लपवणे योग्य होणार नाही. डॉक्टर त्याचे यश तीन पायऱ्यांनी मोजतात. पहिली पायरी: दुखणे आणि पू थांबणे, पोखरलेले हाड भरून येणे. ही मिळालीच पाहिजे. दुसरी: मूळ लांब होणे किंवा भिंत जाड होणे. ही मिळाली तर उत्तम, पण प्रत्येकाला मिळत नाही. तिसरी: थंड लावल्यावर दाताला पुन्हा कळणे. ही आणखी कमी जणांना मिळते.

आत जी ऊती वाढते ती बहुतेक वेळा मूळच्या नसेसारखी हुबेहूब नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या दातांत ती अनेकदा मुळावरच्या कठीण थरासारखी किंवा हाडासारखी आढळली. म्हणून काही तज्ज्ञ याला ‘पुनर्निर्मिती’ न म्हणता ‘दुरुस्ती’ म्हणतात. काही औषधांनी आणि सिमेंटने दात काळपट पडू शकतो. कधी आत रक्तच येत नाही. कधी जंतू परत येतात. अशा वेळी सिमेंटचे बूच लावण्याचा मार्ग उरतो. म्हणजे हा उपचार फसला तरी दात गेलाच असे होत नाही.

दुधाच्या दाताला हा उपचार करत नाहीत. मूळ पूर्ण होऊन टोक बंद झालेल्या दाताला साधे रूट कॅनाल पुरते. दात इतका तुटला असेल की मुळात खिळी घालूनच वरचा दात बांधावा लागेल, तर हा उपचार जमत नाही, कारण ती पोकळी रिकामी ठेवायची असते. मुलाला कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा.

खरी संधी पहिल्याच दिवशी असते

मूळ वाढवणारा उपचार ही दुसरी संधी आहे. पहिली संधी आमच्या हातून गेली होती.

दात तुटून लाल ठिपका दिसत असेल, तर तो गर बहुतेक वेळा अजून जिवंत असतो. तेव्हा दंतवैद्य वरचा एक-दोन मिलिमीटर गर काढून त्यावर औषधाचे झाकण घालतात आणि दात बंद करतात. उरलेला गर जगतो आणि मूळ स्वतःच नेहमीसारखे वाढते. वर उल्लेख आलेल्या क्वेक यांनीच 1978 मध्ये अशा 60 दातांचा अहवाल दिला होता. त्यांतले 96 टक्के बरे झाले. त्यांत काही मुले मार लागल्यावर काही तासांत आलेली होती, काही कित्येक दिवसांनी. म्हणून उशीर झाला तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. आणि लवकर जाता येत असेल तर उद्यावर ढकलू नका.

दात तुटला नाही पण हलला किंवा सरकला असेल, तरी दाखवा. तिथे गोष्ट थोडी उलटी आहे. लहान मुलाच्या उघड्या टोकातून रक्तपुरवठा आपोआप पुन्हा जोडला जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर लगेच नस काढत नाहीत, ठराविक दिवसांनी तपासत राहतात. ‘काहीच केलं नाही, नुसतं बघून पाठवलं’ असे समजून तपासणी सोडू नका. ते बघणे हाच उपचार असतो.

दात मुळासकट निखळला तर

हे सगळ्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, पाठ करावे.

दुधाचा दात असेल तर तो परत बसवू नका. खालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होते.

पक्का दात असेल तर तो शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. घाण लागली असेल तर दुधाने, सलाइनने किंवा मुलाच्याच थुंकीने हलके धुवा. घासू नका, पुसू नका, साबण लावू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात त्याच्या जागी परत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. जमत नसेल तर वाटीभर थंड दुधात टाका. दूध नसेल तर वाटीत मुलाला थुंकायला लावून दात त्यात ठेवा. कोरड्या कागदात किंवा रुमालात गुंडाळून नेऊ नका. एक तास कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी मरतात. मग दात बसवला तरी तो नीट रुजत नाही. सरळ दंतवैद्याकडे न्या आणि धनुर्वाताच्या लसीचे विचारा. डोक्याला मार लागून उलटी, झोप किंवा बेशुद्धी असेल, तर दाताचे नंतर, आधी मोठे रुग्णालय.

खेपा कोण घालणार?

या उपचाराला बाहेरून महागडे काही घालावे लागत नाही. महाग पडते ते परत परत जाणे. दोन खेपा उपचाराच्या. मग सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, चोवीस महिन्यांनी एक्स-रे, आणि जमेल तर पुढेही दरवर्षी. मूळ वाढते ते महिन्यांच्या हिशोबाने, एका दिवसात काही दिसत नाही. दुखत नसताना, दात छान दिसत असताना दवाखान्यात कशाला जायचे, असे कुणालाही वाटेल.

सहा महिन्यांची तारीख आली तेव्हा मुलीची आई म्हणाली, “आता दुखत नाही ना सिस्टर. एका दातासाठी किती रोज पाडू?” तिचे चुकत नव्हते. एक दिवस गेला की चार घरांचे बोलणे खावे लागते आणि पगार कापला जातो. जंतू परत आले तर तेही सुरुवातीला गुपचूप येतात, हे आम्ही तिला सांगितले. पण नुसते सांगून भागणारे नव्हते. वस्तीतल्या महिला मंडळाने ठरवले की तपासणीला मुलीला आमच्यापैकी कुणीतरी एक जण घेऊन जाईल आणि आई कामाला जाईल. आईची सही लागेल त्या दिवशीच आई येईल. तारखा एका जाड कागदावर लिहून तिच्या घरात आरशाशेजारी चिकटवल्या.

बारा महिन्यांच्या एक्स-रेत टोकाभोवतीची काळी सावली गेली होती. मुळाची भिंत आधीपेक्षा जाड दिसत होती आणि रुंद टोक अरुंद होत चालले होते. थंड लावले तर अजून तिला काही कळत नाही. दात शेजारच्यापेक्षा किंचित राखाडी आहे. डॉक्टर म्हणाले, चोवीस महिन्यांची तारीख चुकवू नका. ती आम्ही चुकवणार नाही.

कुठे जायचे, काय विचारायचे

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालयही आहे. तिथे लहान मुलांच्या दातांचा विभाग आणि रूट कॅनालचा विभाग वेगळे असतात. केस पेपर काढताना ‘मुलाला दाताला मार लागला आहे’ असे स्पष्ट सांगा. लांब राहणाऱ्यांनी आधी जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात जाऊन एक्स-रे काढून घ्यावा आणि तिथून चिठ्ठी मागावी. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत मुलांची तपासणी करायला येते. त्या दिवशी मुलाचा तुटलेला किंवा रंग बदललेला पुढचा दात पथकाला दाखवायला सांगा.

डॉक्टर “काढा” म्हणाले तर भांडू नका. हे प्रश्न विचारा:

- एक्स-रेमध्ये मुळाचे टोक उघडे आहे की बंद?
- नस जिवंत आहे का? असेल तर ती वाचवता येईल का?
- नस मेली असेल तर मूळ वाढवण्याचा उपचार किंवा सिमेंटचे बूच यांपैकी काय करता येईल?
- इथे होत नसेल तर कुठे पाठवाल? चिठ्ठी द्याल का?
- पुढच्या तपासणीच्या तारखा लिहून द्याल का?

एक्स-रे आणि कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी वाढ झाली की नाही हे जुन्या एक्स-रेशी ताडूनच कळते.

काही दात वाचणारच नाहीत, आणि तेव्हा तो काढणे हाच योग्य उपचार असतो. पण तो निर्णय एक्स-रे बघून व्हावा, आईच्या फाटक्या पिशवीकडे बघून नव्हे.

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात आम्ही आता दर दोन महिन्यांनी मुलांचे दात बघतो. औषध देत नाही, उपचार करत नाही. फक्त ओठ वर करून बघतो. तुटलेला, काळवंडलेला दात किंवा हिरडीवरची पुळी दिसली की मुलाचे वय विचारतो आणि चिठ्ठी देतो. यासाठी नर्स असावे लागत नाही. उजेड, स्वच्छ हात आणि दात कोणत्या वर्षी येतो एवढी माहिती पुरते. तुमच्याही वस्तीत हे करा. आणि सात ते दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात तुटला, तर आम्ही म्हणालो तसे ‘दुधाचा असेल’ असे म्हणू नका.